दादाच्या मरणाची बातमी

पुण्याच्या ज्या दैनिकाला माझ्या भावानं अठरा वर्षं कोपरगावच्या बातम्या पाठवल्या, त्या दैनिकात त्याच्या मरणाची बातमी आली नाही. त्यात त्या लोकांची चूक थोडी आणि माझी जास्त. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आता वय असं झालंय की झाकून ठेवण्यात काही राम उरलेला नाही, आणि ज्यांना वाईट वाटलं असतं ती माणसं माझ्या आधी गेली.

दादाचं बाजारपेठेत पाटी-पुस्तकांचं दुकान होतं. शाई, टाक, पंचांगं, मुलांच्या पाट्या. दुकानामागंच आमचं बिऱ्हाड. घरात माणसं तीन: दादा, वहिनी आणि मी. वहिनीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. मी चौदाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आले होते. माझे केस काढायचे की ठेवायचे यावरून तेव्हा आईवडिलांत आणि दादात महिनाभर भांडण चाललं आणि दादा जिंकला. पुढं तेही दोघं गेले आणि मी दादाच्या पदरी पडले ती पडलेच.

मला त्यानं लिहायला बसवलं ते उपकार म्हणून नव्हे, त्याचीच गरज होती. लहानपणी उसाच्या चरकात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. डाव्या हातानं तो लिही, पण ते त्याचं त्यालाच वाचता येई, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाही नाही. म्हणून पुण्याला जाणारा सगळा मजकूर मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. कालव्याचं पाणी कधी सुटणार, साखर कारखान्याच्या रस्त्यावर कुणाची गाडी उलटली, मामलेदारांची बदली, पिकांवरचा रोग. शब्द त्याचे, अक्षर माझं. एखादं वाक्य मी बदललं तर त्याला लगेच कळे आणि तो म्हणे, ‘‘नकलेला अक्कल लागत नाही, ती घरी ठेवून ये.’’ मी फणकारायची. पण दहातली दोन वाक्यं तो माझी ठेवायचा.

त्याची खरी ख्याती मयताच्या बातम्यांची. गावात कुणी गेलं की तो तिसऱ्या दिवशी त्या घरी जायचा. अस्थी गोळा करून माणसं परत आलेली असायची. ओट्यावर बसून एकच प्रश्न विचारायचा, ‘‘त्यांच्या हातचं काय होतं?’’ म्हणजे त्या माणसाचं असं काय, जे दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. घरचे आधी गोंधळत. मग कुणीतरी काहीतरी सांगे, आणि नाव-वयाच्या खाली दादाची एक ओळ जाई. ‘येथील कुंभार अमुक यांस देवाज्ञा झाली. त्यांच्या रांजणातील पाणी चैत्रातही दातांस झोंबे.’ कालव्यावरच्या पाटकऱ्यासाठी त्यानं लिहिलं होतं, की पाण्याच्या पाळीवरून त्यांच्या हद्दीत कधी कुऱ्हाड निघाली नाही. सुईणबाईंसाठी लिहिलं होतं, की अर्ध्या गावाचा पहिला आवाज त्यांनी ऐकला.

लढाई सुरू झाली, कागद मिळेना, दैनिक आठ पानांचं चार पानांवर आलं. मोठमोठ्या गावांच्या बातम्या कापल्या जाऊ लागल्या. पण दादाची मयत माणसं टिकली, कारण ती दोन-तीन ओळींत मावत आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला रकान्याच्या तळाशी तेवढीच जागा भरायची असे. गावात फोटो काढून घेणारी घरं ती किती? बाकीच्यांनी दादाचं कात्रण काचेत बसवून देवाशेजारी टांगायची रीत पाडली. कुंभारवाड्यात, माळीवाड्यात, नदीकडच्या घरांत असल्या चौकटी मी पाहिल्या आहेत. ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही रोज तिला फूल वाहायचे.

दादाचं स्वतःचं नाव मात्र अठरा वर्षांत एकदाही छापून आलं नाही. सगळं ‘आमच्या वार्ताहराकडून’. मी एकदा कुरकुरले तर म्हणाला, ‘‘वाढप्यानं पंगतीत बसायचं नसतं.’’

त्रेचाळीस साली श्रावणात त्याला ताप आला. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला आणि एकवीस दिवस काढा म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात ग्लानी सुरू झाली आणि ग्लानीत तो बातम्या सांगू लागला. स्टेशनावर मालगाडी घसरली. पुणतांब्याकडे गारा पडल्या. काहीच घडलेलं नव्हतं. पण मी लिहून घेत नाही असं वाटलं की तो उठायला बघे, म्हणून मी मांडीवर पाट घेऊन ते सगळं उतरवत होते आणि वहिनी त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. विसाव्या दिवशी सकाळी तो बोलायचा थांबला. आम्हाला वाटलं ताप उतरला. वहिनीनं पेजेला तांदूळ धुवायला घेतले होते.

तिसऱ्या दिवशी घाटावरून माणसं परतली. वहिनी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. मला जवळ बोलावून म्हणाली, ‘‘वन्सं, ह्यांची बातमी कोण देणार?’’

मी म्हटलं, ‘‘मी देते.’’

‘‘सगळ्यांची दिली त्यांनी. त्यांची राहायला नको.’’

तेवढं एकच तिनं मागितलं. ना तिनं माझ्याजवळ कधी दुसरं काही मागितलं होतं, ना पुढं मागितलं.

मी लिहिलं: ‘येथील पाटी-पुस्तकांचे दुकानदार व या पत्राचे गेल्या अठरा वर्षांचे वार्ताहर यांस देवाज्ञा झाली.’ त्यात त्याचं नाव घातलं, वय घातलं. खाली ओळ घातली: ‘गावातील कोणासही त्यांनी नावावाचून जाऊ दिले नाही.’ नेहमीच्या लिफाफ्यात घालून टपालात टाकलं. तेराव्यापर्यंत अंक येईल असा माझा हिशेब होता.

तेराव्याला अंक आला, बातमी नव्हती. चौदाव्या दिवशी पत्र आलं, दादाच्या नावानं. ‘आपल्याच हस्ताक्षरात आपल्याच निधनाचे वृत्त वाचून कार्यालयात बरीच करमणूक झाली. तथापि हल्लीच्या दिवसांत कागद महाग आहे व थट्टेस जागा नाही. गोदावरीच्या पुराचे सविस्तर वृत्त मात्र त्वरित रवाना करावे.’

मी ते पत्र दुकानात उभ्या उभ्या दोनदा वाचलं. अठरा वर्षं तिथल्या लोकांनी दादाला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते त्याचं अक्षर, आणि ते माझं होतं. माझा हात चालतोय तोवर त्यांच्या लेखी दादा जिवंत होता. ही एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती आणि आता संताप करायचा तरी कुणावर?

शाळेच्या हेडमास्तरांकडे गेले. भले गृहस्थ. त्यांनी लगेच स्वतःच्या अक्षरात बातमी लिहून सही केली आणि पाठवली. ती आठ दिवसांनी परत आली. सोबत छापील चिठ्ठी, की मयताची बातमी फक्त त्या त्या गावच्या वार्ताहरामार्फतच घेतली जाते. मागं कुणीतरी वैरानं एका जित्या माणसाला पेपरातून मारलं होतं, तेव्हापासूनचा तो नियम. म्हणजे दादाच्या मरणाची बातमी द्यायचा अधिकार साऱ्या कोपरगावात एका दादालाच होता. हेडमास्तर डोक्याला हात लावून बसले. मला मात्र हसू फुटलं आणि ते आवरेना, आणि मग त्यांच्या ओट्यावरच मी रडले.

वहिनी रोज विचारायची. पेपर आला की पदर सावरून समोर बसायची. तिला वाचता येत नव्हतं. मी चारी पानं तिच्यासमोर उलगडून ‘आज नाही’ म्हणायची. ती मान हलवायची आणि उठून कामाला लागायची.

कुंभारवाड्यातल्या म्हातारीनंही एकदा दुकानात येऊन विचारलं. ‘‘दादांचं न्हाई आलं व्हय अजून? आमच्या मालकाचं तर आठ दिसांत आलं हुतं.’’

मी म्हटलं, कागद कमी आहे.

‘‘त्यांच्यापुरताच कमी हाय व्हय बाई?’’ ती म्हणाली. मी पाट्या पुसायला घेतल्या.

मग मी एक युक्ती केली. त्यांना पूर हवा होता ना, पूर लिहिला. घाटाच्या कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं, कुणाची कडब्याची गंज वाहून गेली, नावाड्यानं झाडावर बसलेल्या दोन बायका कशा उतरवून आणल्या. ज्याची नक्कल करायची तो कागद समोर नव्हता. पहिल्यांदाच सगळी वाक्यं माझी होती. आणि त्याच कागदाच्या तळाशी पुन्हा दादाच्या मरणाचं लिहिलं, खाली स्पष्ट लिहिलं, की ही थट्टा नाही, लिहिणारी त्यांची बहीण आहे.

चार दिवसांनी पूर छापून आला. पहिल्या पानावर, अर्धा रकाना. एक शब्दही कापला नव्हता. दादाच्या तीन ओळी गाळल्या होत्या.

आणि इथं मला खरं सांगायला हवं. मी तो अर्धा रकाना वाचला आणि मला आनंद झाला. भाऊ जाऊन महिना झाला नव्हता, आणि दुकानाच्या फळीआड उभी राहून मी माझीच वाक्यं चार वेळा वाचली. नावाड्याच्या ठिकाणी तर मीच माझ्यावर खूश झाले. मग वहिनीची चाहूल लागली आणि मी पेपर वह्यांखाली सरकवला. त्या दिवशी मला माझी किळस आली. ती किळस अजून पुरती गेलेली नाही.

महिना उलटल्यावर मी पुण्याला जायला निघाले. विधवेनं एकटीनं आगगाडीत बसायचं म्हणजे शेजारच्या आळीला आठ दिवसांची करमणूक, पण मला कुणाची पर्वा नव्हती. वहिनीनं दशम्या बांधून दिल्या. टांग्यात बसताना म्हणाली, ‘‘तुम्हाला समोर बघितल्यावर तरी पटेल त्यांना.’’ दौंडला गाडी बदलून दुपारी पुण्याला पोचले.

कचेरी एका बोळात, वरच्या मजल्यावर. खाली छापखाना धडधडत होता आणि जिना हलत होता. एक उपसंपादक होते, चाळिशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, कागद पुढं केला आणि म्हणाले, काहीही लिहून दाखवा. मी कोपरगाव लिहून तारीख टाकली. त्यांनी कपाटातून एक गठ्ठा काढला, सुतळी सोडली आणि माझ्या शेजारी ठेवला. अठरा वर्षांची माझी अक्षरं. वरची, खालची, सगळी सारखी.

‘‘म्हणजे आमचे वार्ताहर तुम्हीच,’’ ते म्हणाले.

‘‘नाही. तो सांगायचा, मी उतरवायची.’’

‘‘आणि पूर?’’

मी कागदावरच्या तारखेकडे पाहत राहिले. तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सरळ सांगितलं. माणूस खोटा नव्हता, आडूनही बोलला नाही. म्हणाले, ‘‘बाई, बातमी जुनी झाली, तरी तीन ओळी मी आजच्या आज लावतो. पण वार्ताहर वारले असं छापलं की त्यांचं वार्ताहराचं कार्ड बंद. नवा माणूस नेमावा लागेल, आणि बाईमाणसाला कार्ड द्यायची आमच्याकडे रीत नाही. मालक ऐकायचे नाहीत.’’

‘‘आणि नाही छापलं तर?’’

‘‘तर मला काही माहीत नाही. कोपरगावहून पत्रं येत राहतील, मी लावत राहीन.’’

पानं पाच वाजता बंद व्हायची होती. त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. समोर ओली प्रुफं दोरीवर टांगलेली होती. मी तिथं तास-दीड तास बसले. दशमी सोडली आणि तशीच बांधून ठेवली.

मी काय विचार केला ते मला स्वच्छ आठवतं. पोटाचा प्रश्न नव्हता. दुकान होतं, दोघींचं भागत होतं. प्रश्न माझा होता. चौदाव्या वर्षापासून मला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुझ्या हातचं काय? होतं ते एवढंच. दादाच्या तीन ओळी छापल्या की माझ्या हातात पुन्हा केरसुणी आणि पंचांगं. मी दादाशी मनातल्या मनात भांडले. म्हटलं, तूच मला हे लावलंस, आता तूच सोडव. मग वहिनी डोळ्यांसमोर आली, पदर सावरून बसलेली. तिला मी डोळ्यांसमोरून ढकलून दिलं. दुसरा शब्द नाही त्याला.

पाचला ते बाहेर आले. मी म्हटलं, ‘‘राहू द्या.’’ यंत्राच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं, ‘‘राहू द्या, छापू नका.’’ पहिल्यांदा ते निसटून गेलं असेल असं मी म्हणू शकले असते. दुसऱ्यांदाचं काही म्हणता येत नाही.

घरी आले तर वहिनी ओट्यावर उभी. पाय धुवायला पाणी दिलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, येणार आहे.

एक खोटं पचवायला दुसरं लागतं. आठ दिवस ती वाट पाहत राहिली. नवव्या दिवशी पेपर उलगडला तेव्हा आतल्या पानावर मीच पाठवलेली एक बातमी होती, कोपरगावची, पाच ओळींची. वहिनीनं विचारायच्या आधीच मी त्या बातमीवर बोट ठेवून म्हटलं, ‘‘आली.’’ आणि वाचू लागले. येथील पाटी-पुस्तकांचे दुकानदार व या पत्राचे गेल्या अठरा वर्षांचे वार्ताहर. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. वहिनी म्हणाली, ‘‘पुन्हा वाचा.’’ पुन्हा वाचलं, अक्षराचाही फरक न करता. नक्कल करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतंच.

मग ती रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. रडून झाल्यावर तिनं शिवणाची कातर आणली, मी बोट ठेवलं होतं तेवढा तुकडा काळजीपूर्वक कापला आणि दुकानातल्या सरस्वतीच्या तसबिरीची काच-चौकट रिकामी करून त्यात बसवला. देवघरात, उजव्या हाताला टांगला. त्यात लिहिलं होतं, की कोपरगाव येथील जनावरांत लाळ-खुरकताची साथ असून शेतकऱ्यांनी बाजारात गुरे आणू नयेत.

तीन वर्षं ती त्याला रोज फूल वाहत होती. चतुर्थीला दूर्वा, दसऱ्याला आपट्याचं पान. देवघरात बाहेरचं कुणी येत नसे. हेडमास्तरांना मी सांगितलं, की बातमी पुण्याच्या अंकात आली, डाकेनं इकडं येणाऱ्या अंकात जागा नव्हती. त्यांनी मान हलवली, पटलं की नाही देव जाणे. मी लिहीत राहिले. गावात सगळ्यांना कळलं होतं, की आता बाई लिहितात. पुण्याला कुणी कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मयताच्या घरी जायची आणि दादाचाच प्रश्न विचारायची. माणसं विश्वासानं सांगायची. मी लिहिलेली कात्रणंही काचेत बसू लागली. आणि घरी येऊन पाय धुऊन जेवायला बसलं की समोर देवघर.

शेहेचाळीस साली मुलींच्या शाळेत दुपारी बायकांचा साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. हेडमास्तरांची बायको शिकवायची. एके दिवशी वहिनीनं दुकानातली एक पाटी उचलली, पुसली आणि म्हणाली, मी जाते. मी नको नको ते बोलले. म्हटलं, चाळिशी उलटल्यावर कसली धुळाक्षरं, बायका हसतील, आणि घरात वाचून दाखवायला मी मेले आहे का? एरवी माझ्यापुढं मान वर न करणारी ती बाई शांतपणे म्हणाली, ‘‘पेपर तुम्हीच वाचा. मला त्यांचं तेवढं वाचता आलं म्हणजे झालं.’’

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला कळत होतं. ती रोज संध्याकाळी पाटीवर गिरवायची आणि एकेक अक्षर येऊन घरात बसत होतं. कोपरगावातला ‘क’ आला, ‘ग’ आला. एकदा ती वर्गाला गेली असताना मी चौकट उतरवली. वाळवी लागली म्हणून सांगणार होते. काचेवर सकाळचं जास्वंदाचं फूल होतं, ते बाजूला काढलं आणि पुन्हा ठेवलं. चौकट परत खिळ्याला अडकवली. माझ्याच्यानं झालं नाही. खरं सांगून टाकायचंही झालं नाही. संक्रांत गेली, होळी गेली.

चैत्रात एका दुपारी मी परातीत गहू निवडत होते. वहिनी देवघरात गेली, चौकट घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्याशी उजेडात बसली. पदरानं काच पुसली. बोट ठेवलं. ‘‘को-प-र-गा-व,’’ तिनं वाचलं आणि माझ्याकडे पाहून हसली. लहान मुलगी हसेल तशी. मग ‘‘ये-थी-ल’’. तेही जुळलं, मी तेच वाचून दाखवलं होतं. पुढचा शब्द लांब होता. ‘‘ज-ना-व-रां-त’’. ती थांबली. बोट मागं नेऊन पुन्हा वाचला. मला वाटलं आता विचारील, पण ती पुढं वाचत गेली. लाळ. खुरकत. साथ. शेतकऱ्यांनी. पाच ओळींना तिला किती वेळ लागला कोण जाणे, एकही शब्द तिनं सोडला नाही. माझे हात गव्हात होते आणि मला ते बाहेर काढता येईनात.

‘‘ह्यांचं कुठं आहे?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही आलं, वहिनी.’’

‘‘कधीच?’’

मी सगळं सांगितलं. थट्टेचं पत्र, पुणे, बाक, पाच वाजता काय म्हटलं ते. दोनदा म्हटलं, तेही सांगितलं. ती ऐकत होती. ना तिनं आवाज चढवला, ना रडली. चौकटीवरचं फूल काढून तुळशीत टाकून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

‘‘तुमचं लिहिणं तुम्ही ठेवायचं होतं. मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं,’’ ती म्हणाली. ‘‘पण तुम्ही त्यांना मरूसुद्धा दिलं नाहीत, वन्सं.’’

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, दुकानात लागेल ते काढून द्यायची. मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांवर जगले असते. चौथ्या दिवशी मी पुण्याला पत्र लिहिलं. आपले कोपरगावचे वार्ताहर साडेतीन वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासूनचा मजकूर माझा आहे, तो यापुढे येणार नाही, आणि त्यांच्या निधनाच्या तीन ओळी कृपा करून छापाव्यात. खाली प्रथमच माझं नाव घातलं. सोबत दादाचं कार्ड परत जोडलं.

उत्तर आलं नाही. ते उपसंपादक तिथं राहिले होते की नाही, ठाऊक नाही. देशात एवढ्या मोठ्या घडामोडी चालल्या होत्या, पानं भरून वाहत होती. साडेतीन वर्षांपूर्वीच्या एका दुकानदाराला कोण जागा देणार? मी रोज पेपर पाहायची आणि खाली ठेवायची. मग वहिनी तो उचलायची आणि पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचत बसायची. जाहिराती, बाजारभाव, सगळं. दुपार तिची त्यातच जायची.

वैशाखात एक दिवस तिनं मला हाक मारली. महिन्याभरानं तिच्या तोंडून ‘वन्सं’ ऐकलं आणि मी हातातलं टाकून धावले. तिचं बोट शेवटच्या पानावर, अगदी तळाशी होतं. तिनं सावकाश वाचून दाखवलं: ‘कोपरगाव येथे आमच्या पत्राच्या वार्ताहराची जागा रिकामी आहे. होतकरू तरुणांनी अर्ज करावेत.’

तिनं कातर घेतली, ती ओळ कापली आणि जनावरांची बातमी काढून काचेत बसवू लागली.

मी म्हटलं, ‘‘वहिनी, ती जाहिरात आहे.’’

‘‘त्यांची जागा रिकामी आहे, असंच लिहिलंय ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग बरोबर आहे,’’ ती म्हणाली, आणि फूल आणायला परसात गेली.